पंचगंगेवरचं इंजिन

काशी, ८ जानेवारी १९१३

चि. दत्तू,

आशीर्वाद आहेतच असं समज. ते रीतसर लिहायला आज मला जमणार नाही. अक्षर बघ कसं आलंय.

अन्नछत्रातलं तुझं इंजिन फुटलं. आपला विष्णु पाणक्या गेला.

एवढं लिहून मी उठले आणि अंगणात जाऊन बसले होते. परत आल्यावर वाटलं, खोडून टाकावं, पोराला परदेशात एकट्याला असं एकदम कशाला कळवायचं. पण दुसरं कसं कळवायचं ते सुचेना, म्हणून तसंच राहू दिलं.

परवा सकाळची गोष्ट. मी मागच्या खोलीत होते. पंप सुरू झाल्याची रोजची धडधड आली. मग ती वाढायला लागली. मी म्हटलं, आता उतरेल, दत्तू सांगून गेलाय की हे यंत्र आपला वेग आपणच सांभाळतं. ती उतरेना. धडधड मोजता येईना इतकी जवळ जवळ आली, पायाखालची फरशी कापायला लागली, आणि तोफ सुटावी तसा आवाज झाला. ते मोठं बिडाचं चाक, ज्याला गेल्या वर्षी तू हळदकुंकू लावायला लावलं होतंस, त्याचे तुकडे झाले. एक तुकडा छपरातून उडून खाली घाटाच्या पायऱ्यांवर पडला. पंचगंगा घाटावर नहाणाऱ्यांची गर्दी होती, कुणाला लागला नाही हे नवल. दुसरा भिंत फोडून अंगणात आला. विष्णु हौदाशी घागर धरून उभा होता. पुढचं मी लिहीत नाही. त्याचं जगात कोणी नव्हतं, बाबांनीच सगळं केलं.

ढुंढिराजच्या खांद्याला लागलंय, पण तो जिवंत आहे. त्याला ठाण्याच्या दरोगानं त्याच दिवशी नेलं. म्हणतात, इंजिनावर माणूस हा, तेव्हा दोष ह्याचाच, भांग घेऊन बसला असेल. अरे, काशीत भांग कोण घेत नाही? दरोगा स्वतः घेतो. पण ते बोलायचं कोणी. ढुंढिराजला तूच हात धरून इंजिन शिकवलंस, तुझ्याबरोबर तो गंगेत पोहला. तो असं करील?

खटला उभा राहणार. दोन-तीन वर्षं आत जाईल असं सगळे बिलकुल ठरल्यासारखं बोलतात. त्याची सीता कालपासून बकुळेला काखेत घेऊन येते आणि आपल्या दाराशी बसते. काही मागत नाही. आज मी पोरीला दूध दिलं, ते पाजून ती गेली.

बाबा म्हणतात, यंत्राबद्दल तुला जे ठाऊक आहे ते तिथल्या वकिलासमोर शपथेवर लिहून पाठव, कचहरीत तुझ्या शब्दाला वजन येईल. बाबा फार गप्प झालेत. छत्र त्यांच्या नावावर चालतं, त्यामुळे लोक त्यांच्या तोंडाकडे बघतात.

असं कसं झालं रे? तू तर शिकतोयस ना हेच.

शरदिनी


ग्लासगो, ३० जानेवारी १९१३

ती. अक्का,

सा. न. तुझं पत्र मी कॉलेजच्या कार्यशाळेत उभ्यानं फोडलं आणि तिथेच खाली बसलो. विष्णूनं मला खांद्यावर घेऊन नागपंचमीचे कुस्त्यांचे दंगल दाखवलेत. माझ्या इंजिनानं तो मेला हे माझ्या डोक्यात शिरत नाही. काल दिवसभर मी कागदावर तेच इंजिन काढत होतो.

तू विचारलंस, असं कसं झालं. ऐक, नीट सांगतो, कारण तुला समजतं. इंजिनावर दोन लोखंडी गोळे फिरतात. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात, आणि ते फाकले की वाफेचं तोंड मिटत येतं. वेग आपोआप उतरतो. त्याला गव्हर्नर म्हणतात. उन्हाळ्यात तुम्ही लिहिलंत की इंजिन घटकेत भडकतं, घटकेत मरगळतं. तो त्या गोळ्यांचा उतावळेपणा होता. वेग जरा वाढला की ते जास्तच फाकायचे, मग वेग जास्तच पडायचा, मग ते जास्तच मिटायचे. झोपाळ्याला चुकीच्या वेळी धक्का दिला तर तो थांबायच्या ऐवजी चढतो, तसं. इथे आमचा अर्धा अभ्यास हाच आहे, डोलणारी वस्तू शांत कशी करायची.

म्हणून तर मी ती पितळी डबी पाठवली. डबीत दाट तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्या गोळ्यांच्या दांड्याला जोडलेला. दट्ट्या तेलातून सावकाश सरकतो, त्यामुळे गोळे नाचत नाहीत. डबी लावल्यावर इंजिन गाईसारखं चालतंय असं तुम्हीच लिहिलंत. आश्विनात बाबांना त्या विलायती तेलात चरबी असल्याचा संशय आला, देवाच्या पाण्यापाशी ते नको म्हणाले, तेव्हा घरातलं कुठलंही शुद्ध, दाट स्निग्ध घाला असं मी कळवलं. तिळाचं घातलं असेल, एरंडेल घातलं असेल. कशानंही बिघडायचं कारण नाही.

तेव्हा उरतं एकच. माणूस. अक्का, तुला वाईट वाटेल, पण मी निघायच्या आधी एकदा ढुंढिराजला गोळ्यांना सुतळी बांधताना पकडलं होतं. हौद लवकर भरावा आणि घरी जावं म्हणून. गोळे बांधले की वाफेचं तोंड उघडंच राहतं. त्या दिवशी पंप ओढणारा पट्टा निसटला असेल, चाकावरचा भार गेला असेल, आणि गोळे बांधलेले. सारे इंजिनवाले हे करतात, इथलेसुद्धा. मी तेव्हा त्याला शिव्या दिल्या होत्या, मित्र म्हणून सोडला होता. आता विष्णु गेलाय.

हे सगळं मी इथल्या वकिलासमोर शपथेवर लिहून दिलं आहे. यंत्र निर्दोष होतं, ते आपोआप अडकू शकत नाही, माणसानं छेडल्याशिवाय असं होणं नाही. कागद याच डाकेनं बाबांच्या नावे जातोय. मला हे लिहिताना आनंद झाला असं समजू नकोस. सीतेकडे लक्ष ठेव.

दत्तू


काशी, ३ फेब्रुवारी १९१३

चि. दत्तू,

तुझं उत्तर अजून समुद्रावर असेल. मी वाट न बघता लिहिते.

पोलिसांनी इंजिनाच्या कोठरीची किल्ली परत दिली. झाडायला मीच गेले, दुसरं कोणी पाऊल टाकायला तयार नाही. छपराला एवढं मोठं भोक पडलंय की आतून आलमगिरी मशिदीचा मिनार दिसतो. कोपऱ्यात तुझी पितळी डबी सापडली. चेपलीय, पण फुटलेली नाही. मी ती घरी आणली, घासायची म्हणून चुलीपाशी ठेवली. थोड्या वेळानं बघते तर तूप ओघळून जमिनीवर आलेलं.

हो, तूपच. तुला ठाऊक नव्हतं का? शुद्ध आणि दाट काहीही घाला असं तू लिहिलंस. बाबा म्हणाले, तेलापेक्षा गाईचं तूप शुद्ध. मीच कढवून दिलं. मग तूप आतमध्ये आल्यावर डबी सोवळ्यातली झाली, ढुंढिराजनं तिला शिवायचं नाही असा बाबांचा नियम झाला. तो बिचारा कोळशानं माखलेला, तो लांबच राहायचा.

त्याचं बयान झालं. भांग घेतली नव्हती म्हणतो. गोळ्यांना हात लावला नाही. पट्टा सुटला, इंजिन पळालं, वाफ बंद करायला धावलो तोवर चाक गेलं होतं. दरोगानं विचारलं, कोठरीत दुसरं कोण येतं? तो म्हणाला, कोणी येत नाही, मी एकटाच असतो. हेच त्याला जड जाणार असं वकील म्हणतात. दुसरं कोणी आलंच नाही तर दोष दुसऱ्या कोणाचा कसा असेल.

तुला एक विचारायचंय. उत्तर माझ्या नावानं लिही, बाबांच्या पत्रात नको. यंदा थंडी फार पडली. तूप थिजलं तर तुझा तो दट्ट्या सरकतो का?

शरदिनी


ग्लासगो, २४ फेब्रुवारी १९१३

अक्का,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी जेवलेलो नाही म्हटलं तरी चालेल.

मी बाजारातून लोणी आणलं आणि खाणावळीच्या बाईच्या चुलीवर कढवलं. तिला वाटलं, हिंदी पोरगा आता कामातून गेला. तूप केलं, इथे कार्यशाळेत तसलीच एक डबी आहे तिच्यात ओतलं आणि डबी खिडकीबाहेर ठेवली. सकाळी दट्ट्या ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला, भिंतीला पाय लावून ओढला. मग गोळ्यांचा दांडा त्याला जोडला आणि यंत्र फिरवलं. गोळे थरथरतात, फाकत नाहीत. माझे प्राध्यापक बघत उभे होते. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे एवढी थंडी पडते का? मी हो म्हणालो आणि मला रडू आलं, सगळ्यांच्या देखत.

काशीत पौषात तूप थिजतं हे मला ठाऊक नव्हतं का? आई तुपाचा गडू उन्हात ठेवायची आणि मी त्यात बोट घालायचो. पण इथे धुक्यात बसून मला काशी म्हणजे नुसतं ऊन आठवतं. आश्विनात तुमचं पत्र आलं तेव्हा डोळ्यासमोर घामच होता. त्या घामाचं उत्तर मी लिहिलं, ते कार्तिकात पोचलं, आणि पौषात विष्णु मेला. इथे आम्हाला हेच घोकायला लावतात, की यंत्राला दुरुस्ती उशिरा पोचली तर ती उलटी बसते. मी त्यावर परीक्षेत चांगले गुण मिळवले आहेत.

आणि मी शपथेवर काय लिहून दिलं? की हे यंत्र अडकू शकत नाही. सुतळीचं लिहिलं. अक्का, ढुंढिराजनं ती सुतळी एकदाच बांधली होती आणि माझ्यासमोर तोडून फेकली होती. हे मी त्या कागदात लिहिलं नाही.

तो कागद एव्हाना पोचला असेल. त्याच्यामागून धावणारं काही नाही, फक्त तार. आज बाबांना तार केली: बयान चुकीचं, तूप गोठलं, ढुंढिराज निर्दोष, कोर्टात द्या. तार तुला हे पत्र मिळायच्या कितीतरी आधी पोचेल. बाबा ती वकिलाकडे देतीलच. मागाहून नवा शपथेचा कागदही धाडतो.

फक्त एक गोष्ट जुळत नाही, आणि सरकारी वकील नेमकी तीच धरणार. थंडी मार्गशीर्षातच पडली असेल. मग महिना-दीड महिना इंजिन रोज सकाळी बरोबर कसं चाललं? पट्टा याआधीही सुटला असेल, तेव्हा गोळे फाकले कसे? तूप त्या एकाच दिवशी थिजलं असं कसं होईल? तुला काही सुचतं का बघ. याचं उत्तर नसेल तर माझी तार कोणी खरी मानणार नाही.

दत्तू


काशी, १७ मार्च १९१३

दत्तू,

आज तुझं पत्र आलं. तार केल्याचं वाचून मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. ते संध्या करत होते. मी थांबले नाही. विचारलं, दत्तूची तार आली होती?

आली होती, म्हणाले.

तुला सांगते, ते खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. तार फाल्गुनाच्या आधीच आली होती. त्यानंतर कचहरीत तारीख झाली. त्या तारखेला बाबांनी तुझा शपथेचा कागद जज्जसाहेबाकडे दिला. तार त्यांच्या उपरण्याच्या गाठीत होती. कागद मोठ्यानं वाचला गेला, तो सुतळीचा मजकूर सगळ्यांनी ऐकला, ढुंढिराज पिंजऱ्यात उभा राहून ऐकत होता. त्यानं बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही म्हणे. तारीख संपली आणि बाबा घरी येऊन जेवले. मी वाढलं होतं.

मी म्हटलं, बाबा, तुम्ही माणूस आहात का? बापाला हे बोलले मी. ते म्हणाले, मला एकच मुलगा आहे. तार दिली की उद्या त्याच्या नावानं वॉरंट निघेल, तूप घाला असं सांगितलं कोणी असं विचारतील, त्याचं शिक्षण जाईल. ढुंढिराज दोन वर्षांनी सुटून येईल, त्याच्या सीतेला मी जन्मभर पोसेन. हे सगळं ते डोळे मिटून बोलले. मग म्हणाले, आणि तूप घालायला मीच सांगितलं ना. मी कुठे तोंड दाखवू.

वेदान्त शिकवणारा आपला बाप, दत्तू.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हे भावाला लिहायचं नसतं, पण दुसरं कोणाला लिहू.

तूप महिनाभर थिजलं नाही कारण मी ते थिजू देत नव्हते. मार्गशीर्षात एके सकाळी इंजिनाचा आवाज मला वेगळा वाटला. जाऊन डबीला हात लावला तर दगड. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटेचं स्नान झालं की सोवळ्यात आधणाचा लोटा घेऊन कोठरीत जायची, फडकं भिजवून डबीभोवती गुंडाळायची, तूप पातळ झालं की परत यायची. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी इंजिनच बंद ठेवलं असतं, आणि घाटाच्या पायऱ्या चढून विष्णूला घागरी आणायला लागल्या असत्या. ढुंढिराजला वाटायचं, बाई डबीची पूजा करतात. मी त्याला समजावलं नाही. खरं सांगू, मला ते आवडायचं. सगळ्या घरात ते एक काम माझं होतं, कोणी सांगितलेलं नाही, मला कळलेलं.

त्या सकाळी मी मागच्या खोलीत होते असं पहिल्या पत्रात लिहिलंय बघ. मी लांब बसले होते. दुसरा दिवस होता. सोवळ्याच्या डबीपाशी जायचा प्रश्नच नव्हता. बोलावून ढुंढिराजला सांगावं, तर परक्या पुरुषाला काय म्हणून सांगू की आज मी का येत नाही? आदल्या दिवशी काही झालं नाही, ऊन चांगलं पडलं होतं. मला वाटलं, निभेल.

दरोगानं विचारलं, कोठरीत कोण येतं, आणि ढुंढिराज म्हणाला, कोणी नाही. मला तेव्हा राग आला होता, की हा मूर्ख माझं नाव का घेत नाही, घेतलं असतं तर कोणी मला विचारलं असतं. आज सकाळी चूल फुंकताना डोक्यात प्रकाश पडला. तरुण विधवा, पहाटेची वेळ, बंद कोठरी आणि आत एक पुरुष. तो दोन वर्षं तुरुंगात जाईल पण हे बोलणार नाही.

शेवटची तारीख याच आठवड्यात आहे, तुझा नवा शपथेचा कागद तोवर पोचणार नाही. मी कचहरीत जाणार. तुझं पत्र माझ्यापाशी आहेच, तार बाबांकडून मागून घेतलीय, त्यांनी दिली, हातातून सुटल्यासारखी दिली. जज्ज विचारील, त्या दिवशी तूप का थिजलं. ते मला सांगावं लागेल, आलवण नेसून, शंभर पुरुषांसमोर. मला आत्ताच घाम फुटलाय.

शरदिनी


ग्लासगो, ७ एप्रिल १९१३

अक्का,

जाऊ नकोस. पाया पडतो. हे पत्र पोचेल तेव्हा ती तारीख होऊन गेली असेल हे मला कळतंय, तरी लिहितोय, दुसरं मी इथून काय करू. माझं नाव सांगा, बाबांचं सांगा, वॉरंट निघू दे, मी पुढच्या बोटीनं येतो आणि पिंजऱ्यात उभा राहतो. तू त्या माणसांपुढे उभी राहू नकोस. काशीतले लोक मला ठाऊक आहेत. ढुंढिराज सुटेल आणि तुला घाटावर स्नानाला जाणं मुश्किल होईल.

मी ढुंढिराजबद्दल शपथेवर काय लिहिलं आणि तो माझ्या बहिणीबद्दल काय बोलला नाही, हे दोन्ही एकत्र मनात आलं की मला माणसांत बसवत नाही. बाबांना काय लिहू ते कळत नाही. नाही लिहीत.

दत्तू


काशी, २८ एप्रिल १९१३

चि. दत्तू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आज पोचलं. होऊन गेलेल्या गोष्टीला नको म्हणतोयस. वाचून हसूही आलं आणि रडूही.

मी गेले. यज्ञेश्वरकाका, आपल्याच छत्राचे पंच, कचहरीच्या व्हरांड्यात उभे होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. आत गर्दी मावत नव्हती. मी पदर कपाळापर्यंत ओढला आणि बोलले. तार दिली, तुझं पत्र वकिलांनी वाचून दाखवलं. सरकारी वकिलानं तू म्हणाला होतास तेच धरलं: थंडी महिनाभर, मग तूप त्याच दिवशी का? मी सांगितलं, मी रोज जायची. त्यानं विचारलं, त्या दिवशी का नाही गेलात? मी सांगितलं. दुभाष्यानं मान खाली घालून ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. मागे कोणीतरी हसलं. मला वाटलं, आता संपलं, सर्वांत कठीण ते झालं.

तर पिंजऱ्यातून ढुंढिराज बोलला. इतक्या महिन्यांत विचारल्याशिवाय पहिल्यांदा. "हुजूर, ये बात गलत है. बाईसाहब कोठरी में कभी नहीं आईं. हमको बचाने को झूठ बोल रही हैं."

दत्तू, मी त्याच्याकडे बघतेय आणि तो माझ्याकडे बघत नाही. सरकारी वकील तर खूश झाला. म्हणाला, आरोपी स्वतः सांगतोय की डबी कोणी गरम करत नव्हतं, म्हणजे थंडीचा अख्खा महिना इंजिन तसंच चाललं, म्हणजे तूप निमित्तच नाही. साहेब लिहायला लागला. मी म्हणत होते की हा खोटं बोलतोय, माझ्यासाठी बोलतोय, पण ते जितकं म्हणावं तितकं वाईटच ऐकू येत होतं. लोक कसे बघत होते ते मी तुला सांगू शकत नाही.

तेवढ्यात दारापाशी सीता उभी राहिली. शिपायानं तिला अडवलं, तिनं त्याला बाजूला सारलं. पोर काखेत. माझ्या दाराशी दोन-अडीच महिने मुकी बसलेली बाई, तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. म्हणाली, "आती थीं हुजूर. रोज आती थीं. हमारी खिडकी सामने है. गरम पानी का लोटा लेकर आती थीं, डिबिया सेंककर चली जाती थीं. हमारा आदमी भट्टी की तरफ मुंह करके खडा रहता था, जब तक ये चली न जाएं."

ढुंढिराज पिंजऱ्यातून तिच्यावर ओरडला, गप्प बस म्हणून, मराठीत. साहेबानं दुभाष्याला विचारलं, हा काय म्हणाला. दुभाष्यानं सांगितलं. साहेबानं लेखणी खाली ठेवली. मला वाटतं त्या ओरडण्यानंच तो सुटला.

निकाल त्याच दिवशी लागला. ढुंढिराज निर्दोष. तुझ्यावर साहेबानं ताशेरे ओढलेत, हजारो मैलांवरून न बघता शपथ घेणाऱ्या विद्यार्थ्यानं पुन्हा कुणाच्या यंत्राला हात लावण्यापूर्वी विचार करावा, असं काहीसं आहे. वॉरंट नाही. शिक्षण पुरं कर आणि मगच ये.

छत्राच्या स्वयंपाकघरात मला आता मज्जाव आहे. पंचांनी ठरवलं, यज्ञेश्वरकाका सांगायला आले होते. बाबांनी ते उभ्यानं ऐकून घेतलं आणि छत्राच्या किल्ल्या त्यांच्या पायाशी ठेवल्या. माझ्याशी ते बोलत नाहीत. पण मी वाढलेलं जेवतात. घाटावर मी जाते, बायका माझ्यापासून चार पायऱ्या दूर नहातात, तेवढं चालायचंच.

ढुंढिराज सुटून आला तो आमच्याकडे आला नाही. आपल्या घरी गेला आणि सीतेशी बोलेना. म्हणून परवा मी सीतेला विचारलं, तू आधी का नाही गं बोललीस, एवढे दिवस माझ्या उंबऱ्याशी बसून? तिनं सांगितलं की पहिल्या भेटीतच त्यानं गजांतून हात काढून तिचा हात बकुळेच्या डोक्यावर ठेवला होता आणि शपथ घेववली होती. बाईंचं नाव तोंडातून काढलंस तर ही पोरगी जगणार नाही.

ती ते सगळ्यांसमोर मोडून आली, दत्तू. तिच्याच दाराशी मी बसून राहिले.

घरात नवरा बोलत नाही म्हणून सीता पोरीला घेऊन दिवसभर माझ्याकडे असते. आत्ता ती नदीवर धुणं घेऊन गेलीय आणि बकुळ माझ्या मांडीवर झोपलीय. तिला काही झालेलं नाही. मी सारखा तिच्या कपाळाला हात लावून बघते. ऊन आहे म्हणून गरम लागतं.

तुझी अक्का